चार वाजताचा नमुना

३ मार्च, मंगळवार

आधी चूक दुरुस्त करते.

याच वहीत सहा फेब्रुवारीच्या पानावर मी लिहिलंय — 'चारचा नमुना घेतला, ०.४ आला, मग सायकल काढून मुख्य कचेरीत संपाची नोटीस देऊन आले.' हे खोटं आहे. चारचा नमुना मी घेतलाच नाही. साडेतीनला रजिस्टरात चारच्या रकान्यात ०.४ लिहिलं, सही ठोकली आणि निघाले. कचेरीच्या खिडकीशी पोचले तेव्हा तिथल्या घड्याळात चारला पाच कमी होते. परत केंद्रावर आले तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

रजिस्टरात लिहिलं ते लिहिलं. पण वहीत का लिहिलं? ही वही मी उघडी टाकून गेले तरी घरात ती वाचणारं कुणी नाही. आई-बाबांना अक्षर येत नाही. म्हणजे इथे फसवायला मी एकटीच होते — आणि फसवलं!

आज हे लिहावं लागतंय कारण दुपारी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, "फेब्रुवारीचं रजिस्टर काढ. कायदा विभागानं मागवलंय."

मी काढून दिलं. नेहमीसारखी धूळ झटकूनही दिली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

४ मार्च, बुधवार

आज दर तासाचा नमुना दोनदा घेतला. आता काय उपयोग.

५ मार्च, गुरुवार

नीट क्रमानं लिहून काढते. डोक्यात सगळं एकमेकांत अडकलंय.

आमच्या केंद्रात नदीचं पाणी शुद्ध होऊन शहराला जातं. शेवटच्या टाकीच्या नळातून दर तासाला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग चढला की तो रंगपट्टीशी जुळवायचा. क्लोरीन किती राहिला ते कळतं. तो आकडा रकान्यात. दिवसपाळीला हे काम माझं.

क्लोरीन सोडतात ती गॅसखोली कुंपणाच्या टोकाला. तिथे एका पाळीला एकच माणूस. आमचे गॅसमामा. मुखवटा आहे, पण त्याची रबरी कड फाटलीय, मामा तो खुंटीला अडकवून त्यावर टोपी ठेवतात. जानेवारीत गळती झाली तेव्हा ते आठवडाभर खोकत होते. खोकला थांबला की म्हणायचे, "मॅडम, माझ्या छातीचाही तासाला एक नमुना घेत जा."

मागणी दोनच — नवे मुखवटे, आणि गॅसखोलीत एका वेळी दोन माणसं. तीन अर्ज गेले. तिन्ही मीच लिहिले. उत्तर नाही. मग संप ठरला.

पण आमची सेवा अत्यावश्यक. कायदा सांगतो, चौदा दिवस आधी नोटीस द्या. चौदा दिवस पुरे व्हायच्या आत काम थांबवलंत तर संप बेकायदा, चौकशी न करता काढून टाकता येतं, आणि ज्यानं इतरांना चिथावलं त्याला तुरुंग.

पंपावरचे काका संघटनेचे अध्यक्ष. ते म्हणाले, "पोरी, अक्षर तुझं, कायदा तुझा. सह्या आमच्या." पंप सोडून त्यांना हलता येत नाही, म्हणून न्यायचीही मीच. शुक्रवारी, सहा तारखेला. खिडकी चारला बंद.

मी दोनलाच जाणार होते. पण नोटिशीत एक शब्द खोडला होता. (सह्यांचा कागद वेगळा होता.) खाडाखोड असलेला कागद द्यायचा? पुन्हा लिहिली. दुसऱ्यांदा समासाची ओळ वाकडी झाली. पुन्हा लिहिली. तिसरी प्रत सुरेख झाली — साडेतीनला! चारच्या नमुन्यासाठी थांबले असते तर खिडकी चुकली असती, आणि मग शनिवार-रविवार सुट्टी.

दिवसभर ०.४ च येत होता. चारलाही ०.४ च येणार, असं मी धरून चालले.

जुने लोक याला 'खुर्चीतला नमुना' म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "इथे हुशारी नको मला. बघ आणि लिही. बघितलं नसशील तर रकाना मोकळा सोड." मी मान डोलावली होती. मनात म्हटलंही होतं, हे काय सांगायची गोष्ट आहे!

६ मार्च, शुक्रवार

राहिलेलं.

खिडकीवरच्या कारकुनानं नोटीस घेतली, माझ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. मला परतीची घाई. मी घडी घातली आणि पिशवीत टाकली. शिक्क्यावरची तारीख वाचली नाही. मी! जी बसचं तिकीटसुद्धा वाचते!

शिक्का सोमवारचा होता. नऊ फेब्रुवारी.

पोच मी काकांना दिली, त्यांनी ती डब्यात जपून ठेवली. सगळ्यांनी शुक्रवारपासून चौदा दिवस मोजले, कारण मी शुक्रवार सांगितला. शनिवारी, एकवीस तारखेला सकाळी सहाला काम थांबलं. शिक्क्याप्रमाणे संप चोवीसपासून करता आला असता. तीन दिवस आधी झाला. बेकायदा.

तेवीसला संध्याकाळी सरकारचा हुकूम आला — पाणीपुरवठ्यात सहा महिने संपबंदी. म्हणजे नव्यानं नोटीस द्यायचीही सोय नाही. चोवीसला सगळे कामावर परतले तर फाटकावर अकरा पत्रं वाट बघत होती. बडतर्फ. काका, गॅसमामा, आणखी नऊ. काकांवर चिथावणीचा खटला वेगळा.

आणि मी? मी आत होते. संपात किमान माणसं कामावर ठेवावीच लागतात, त्या यादीत संघटनेनंच माझं नाव घातलं होतं. काका म्हणाले होते, "पाणी तपासायला कुणीतरी हवंच. आपल्याच घरातली माणसं पितात ते." पंपावर दोन अभियंते बसले, पाणी चालू राहिलं. फाटकाबाहेर माझी माणसं सतरंजीवर, आणि मी त्यांच्यामधून वाट काढत आत. मी शिकलेली म्हणून मला 'शाळा' म्हणतात; एक जण ओरडला, "बघा रे, आमची शाळा चालली!" सगळे हसले. मीही हसले. आत जाऊन एकटीनं डबा खाल्ला, तेव्हा रडू आलं.

९ मार्च, सोमवार

संघटनेच्या वकिलांनी बोलावलं होतं. खोलीत काका, गॅसमामा आणि मी.

वकील म्हणाले, "आपलं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कागद शुक्रवारी चारच्या आत खिडकीत पडला, की संप कायदेशीर. शिक्का चुकीचा होता हे दाखवायचं. साक्षीदार एकच — या."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण व्यवस्थापनानं हे हजर केलंय," असं म्हणून त्यांनी झेरॉक्स पुढे सरकवली. माझं अक्षर. सहा फेब्रुवारी, चार वाजता, ०.४, माझी सही. "केंद्र ते कचेरी सायकलनं किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

"मग चारला केंद्रावर नमुना घेणारी बाई चारच्या आत कचेरीत कशी?"

मी म्हटलं, "मी... आठवून सांगते."

आठवून! मला त्या दिवसाचं एकेक मिनिट पाठ आहे.

गॅसमामा म्हणाले, "अहो, दमानं घ्या तिला. आमची मॅडम खोटं बोलायची नाही. लिहायची तर मुळीच नाही." आणि खोकायला लागले.

१० मार्च, मंगळवार

नाही सांगितलं. आजही नाही.

१२ मार्च, गुरुवार

मी काय काय गमावीन ते एकदा लिहून बघते, म्हणजे भीतीला आकार येईल.

माझं प्रोबेशन एकतीस मार्चला संपतं. एक एप्रिलला कायम. प्रोबेशनवरच्या माणसाला एका ओळीच्या पत्रानं घालवता येतं. आणि मी केलं ते साधं नाही. पिण्याच्या पाण्याची खोटी नोंद. नोकरी तर जाईलच, पुढे कुठलीही प्रयोगशाळा मला दारात उभी करणार नाही. का करावी? मीही केली नसती.

बाबा गोदामात पोती उचलतात. माझ्या कॉलेजची तीन वर्षं त्यांच्या पाठीवर आहेत, हे मी अलंकारिक लिहीत नाही — त्यांच्या डाव्या खांद्याला गाठ आलीय, दिसते. शेजारी कुणी आलं की ते नळाचं पाणी पेल्यात भरून देतात आणि म्हणतात, "प्या बिनधास्त! आमच्या पोरीनं तपासलंय."

दुसऱ्या बाजूला अकरा घरं.

हे तराजूत घालायचीसुद्धा लाज वाटते. तरी रोज घालते.

१३ मार्च, शुक्रवार

गॅसखोलीत नवा तात्पुरता माणूस आलाय. मला 'मॅडमजी' म्हणतो. मुखवटा कुठे आहे विचारत होता. खुंटी दाखवली.

फाटलेली कडही दाखवली. म्हणाला, "चालतंय की. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

१६ मार्च, सोमवार

आज एक गोष्ट कळली.

मोठ्या बाईंच्या टेबलावर व्यवस्थापनाचं उत्तर पडलं होतं. त्यांनीच म्हटलं, "वाच, तुझं नाव आहे त्यात." गॅसमामांनी कोर्टात लेखी दिलंय की त्याच शुक्रवारी, सहा तारखेला, साडेतीनच्या सुमाराला पुन्हा गळती झाली. ते एकटेच. झडप बंद करून बाहेर पळाले, पाऊण तास बाहेर बसून होते, मग आत जाऊन गॅस पुन्हा सुरू केला. त्यावर व्यवस्थापन म्हणतं — 'सदर कथन बनावट आहे. पाऊण तास क्लोरीन बंद असता तर चार वाजताच्या नमुन्यात घट दिसली असती. रजिस्टरात ०.४ अशी नियमित नोंद आहे.'

नियमित नोंद.

पाचचा नमुना मी खरा घेतला होता. ०.३ आला होता. 'किंचित उतरलाय' असं मनाशी म्हटलेलं आठवतं. म्हणजे चारला किती असेल? ०.१? काहीच नाही? कुणालाच कळणार नाही. तो तास गेला. शहरानं तो पिऊनही टाकला.

मी सायकलवर मुखवट्यांची मागणी घेऊन चालले होते, आणि त्याच वेळी मामा मुखवट्याशिवाय झडप बंद करत होते. आणि मी परत येऊन विचारलंसुद्धा नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "पाणी का पितेस एवढं? बरं नाही का?"

१७ मार्च, मंगळवार

कायद्याचं पुस्तक पुन्हा वाचलं. काम थांबवणं म्हणजे संप. जादा काम नाकारणं म्हणजेही संप. मुद्दाम हळू काम करणंही. 'जनतेची गैरसोय' हे शब्द सहा पानांत नऊ वेळा आलेत. गॅसखोलीत कोण बसतं, ते एकदाही नाही.

पण खरं सांगायचं तर त्या कायद्याचाही मला पुरता राग येत नाही. पाणी बंद पडलं तर मोठ्या घरांच्या टाक्या दोन दिवस पुरतात. आमच्या गल्लीत दुपारीच घागरी रिकाम्या होतात. आम्हाला थांबता येत नाही हे मला कळतं. मग ज्यांना थांबता येत नाही त्यांचं आधी ऐका की! तीन अर्ज पडून राहिले, तेव्हा कुठे गेली होती ही निकड?

हे सगळं कोणाशी बोलू? पूर्वी दुपारी पंपाच्या खोलीत बोलायचे.

१८ मार्च, बुधवार

कचेरीत पगारपत्रकाचं काम होतं, म्हणून गेले. (नव्हतं. मुद्दाम गेले.)

खिडकीवरच्या कारकुनाला आता सगळे 'सोमवार' म्हणतात. मी रांगेत असताना मीटर वाचणारा एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय सोमवार, आज कोणता वार? बघून सांगा हं, नाहीतर उद्याचा सांगाल!" लोक हसले. कारकुनानं मान वर केली नाही. जेवायला त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही म्हणे. व्यवस्थापनानं विकत घेतला, असा बोभाटा आहे.

माझी पाळी आली तेव्हा मागे कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "ताई, मी एक पैसा घेतलेला नाही."

"मग शिक्का?"

"शुक्रवारी साडेतीनला मी शिक्क्यावरची तारीख फिरवून ठेवतो. सोमवारची. सोमवारी सकाळी झुंबड असते ना, म्हणून. पंधरा वर्षं करतोय. साडेतीननंतर शुक्रवारी कुणी येत नाही."

"मी आले होते."

"आलात. चारला पाच कमी होते." त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "मी तेव्हाच बोललो असतो, ताई. खरंच. पण साहेबांनी तुमचं रजिस्टर दाखवलं. चारला तुम्ही तिकडे होतात, असं तुमच्याच सहीनं लिहिलंय. मला वाटलं, या स्वतःच असं म्हणतायत तर मी कशाला मधे पडू? मलाही दोन मुली आहेत."

हा माणूस वाईट नाही. माझ्या आकड्याच्या मागे लपलाय, एवढंच. लपायला जागा मी करून दिली.

"जेवलात का?" निघताना मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"डबा आहे," तो म्हणाला. "इथेच खातो."

१९ मार्च, गुरुवार

उद्या काकांना सांगणार.

२० मार्च, शुक्रवार

सांगितलं.

काका ओट्यावर बसून कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होते. बडतर्फ झाल्यापासून गल्लीतले पंखे, मिक्सर त्यांच्याकडे येतात. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. ते पान्यानं नट फिरवत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडावं असंही वाटलं.

"पाचला किती होता?" त्यांनी विचारलं.

"०.३."

"म्हणजे चारला तळाला गेला असणार. सहाला?"

"०.४."

"हं." पंखा बाजूला ठेवला. "हे आणखी कुणाला ठाऊक?"

"कारकुनाला थोडं. तुम्हाला सगळं."

"मग इथेच राहू दे."

"काका, तुम्हाला तुरुंग होईल!"

"होईल की नाही ते कोर्ट बघेल. अकरा घरं बसली, पोरी. बारावं कशाला? तुझ्या बापाला मी ओळखतो. तुला नोकरी लागली तेव्हा फाटकावर पेढे वाटत होता— जाऊ दे. त्याला हे झेपायचं नाही."

"पण चूक माझी आहे!"

"तुझी एकटीची? मी पोच डब्यात ठेवली, उघडून बघितली नाही. अकरा जणांनी दिवस मोजले, एकानं पोचेवरची तारीख वाचली नाही. सगळे म्हणाले, मॅडमनं बघितलं असेल." मग एकदम हसले. "साली आमची सवयच. लिहिलेलं दिसलं की तुझ्याकडे ढकलायचं!"

मला त्यांचा राग आला. माझी कीव करतात याचा. घरी येताना लक्षात आलं — राग नव्हता, सुटकेचा आनंद होता. तो मला सहन होत नव्हता.

२१ मार्च, शनिवार

काकांनी 'गप्प बस' म्हटलं म्हणून मला दोन तास छान झोप लागली. लिहून ठेवते. विसरता कामा नये.

२३ मार्च, सोमवार

वकिलांचा फोन. सुनावणी गुरुवारी, दोन एप्रिलला, सकाळी अकराला. आणि — "तुमचं नाव साक्षीदारांतून काढतोय. अध्यक्षांनी सांगितलं. ते लिहून देणार आहेत की संप बेकायदा होता आणि जबाबदारी त्यांची एकट्याची. बदल्यात व्यवस्थापन दहा जणांना परत घेतंय."

"आणि मुखवटे?"

"ते आता सोडा हो."

"गॅसमामा खोटं बोलले, असंच राहणार?"

"त्यांची नोकरी परत मिळतेय, बाई. तुमच्या जागी मी असतो तर हुश्श केलं असतं."

तेव्हा मी सांगून टाकलं. फोनवरच. त्या माणसाला मी नीट ओळखतही नाही.

मग त्याचा आवाजच बदलला. "हे तुम्ही शपथेवर सांगाल? शिवाय कारकुनाला उलटतपासणीत घेता येईल... अकराच्या अकरा जण परत येतील. गळतीही सिद्ध होईल." आणि लगेच, "थांबा. तुम्ही प्रोबेशनवर ना? कायम कधी?"

"एक एप्रिलला."

"बुधवारी! छान. मग दोनला बोला. त्याआधी कुणाकडे अक्षर काढू नका. एकदा कायम झालात की काढायला चौकशी लागते, वर्ष-दोन वर्षं जातात, आपण लढू. एका दिवसानं वाचताय तुम्ही. नशीब असतं एकेकाचं."

२४ मार्च, मंगळवार

एका दिवसानं वाचतेय. दोन्ही होईल. अकराही आणि मीही. मग हलकं का वाटत नाही?

२५ मार्च, बुधवार

काकांना निरोप पाठवला — लिहून देऊ नका, गुरुवारी मी बोलणार आहे. उत्तर आलं, 'शाळा फारच हट्टी झाली.' बस्स एवढंच. तीनदा वाचलं.

२७ मार्च, शुक्रवार

मोठ्या बाईंनी कायम होण्याचा फॉर्म दिला. "मंगळवारी दहाला सही करून माझ्या टेबलावर. मी शिफारस लिहून ठेवलीय." जरा थांबून म्हणाल्या, "चांगली लिहिलीय हं. मी अशा फार लिहीत नाही."

फॉर्मवर सातवी ओळ — 'परिविक्षा काळात मी केलेली प्रत्येक नोंद प्रत्यक्ष तपासणी करून केलेली आहे.' खाली माझी सही. शेजारी त्यांची.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, असल्या ओळी कोण वाचतं?"

मी वाचते.

२८ मार्च, शनिवार

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आई चूल पुसत होती, तिचा हात थांबलेला दिसला.

बाबांना रजिस्टर, प्रोबेशन, नोटिशीचे दिवस, काय काय कळलं असेल कोण जाणे. मी फार वेळ बोलले. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट होती, मी पन्नास वाक्यं घेतली. ते गुडघ्यांभोवती हात बांधून ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं —

"म्हणजे त्या दिवशी आपण प्यालो ते पाणी कुणीच बघितलं नव्हतं?"

"नाही."

"शेजारच्या म्हातारीला मी त्याच दिवशी पेला दिला होता का गं?" हे आईला.

आई म्हणाली, "आता काय आठवणार."

ते उठून बाहेर जाऊन बसले. मी दारापर्यंत गेले, पुढे नाही. पाठमोरे दिसत होते. खांद्यावरची ती गाठ. आईनं माझं ताट वाढलं, त्यांचं झाकून ठेवलं.

खूप वेळानं आत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सांगायचं ते सही करायच्या आधी सांगायचं की नंतर?"

"वकील म्हणतात, नंतर."

"मी तुला विचारतोय."

२९ मार्च, रविवार

गुरुवार नाही. गुरुवारी कोर्टात बोलेनच, पण ती दुसरी वेळ असेल.

मंगळवार, एकतीस मार्च, सकाळी दहा. मोठ्या बाईंच्या टेबलावर माझं पत्र, चारच्या नमुन्याचं. फॉर्म कोरा.